मामाच्या दुकानातला पीसी आणि तीन रात्री न संपलेलं डिफ्रॅग

कृष्णाकाठचा_पोऱ्या | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, सल्ला हवाय.

कराडला मामाचं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची आमंत्रणं, गणेश मंडळांचे अहवाल, पावती पुस्तकं, असलं काम. मशीन जुनं: विंडोज ७, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची साधी हार्ड डिस्क. त्यात पेजमेकर, कोरल आणि डोंगलवाली श्रीलिपी. नेट जोडलेलं नाही. दिवाळीपासून ते इतकं मंदावलंय की सकाळी बटण दाबून मामा समोरच्या टपरीवर चहा पिऊन येतो, तरी पडद्यावर आयकॉन उमटतच असतात. कोरलची फाइल उघडायला दीड-दोन मिनिटं.

गावातल्या एका दुरुस्तीवाल्याने फुकटातलं एक डिफ्रॅग (फायलींचे डिस्कवर विखुरलेले तुकडे जोडणारं) सॉफ्टवेअर टाकून दिलं आणि ‘रोज रात्री चालवा’ म्हणाला. तीन रात्री चालवलं. तिन्ही वेळा सकाळी बघतो तर ११ टक्क्यांवर. आता ते सॉफ्टवेअर म्हणतंय, पैसे भरा, प्रो घ्या, त्यात ‘टर्बो’ आहे.

घ्यावं का? की विंडोजचं स्वतःचं डिफ्रॅग पुरे? आणि मुळात डिफ्रॅगने खरंच फरक पडतो, की नुसतं मनाचं समाधान?

मामा नवीन मशीन घेणार नाही. ‘चालतंय की’ हे त्याचं ठरलेलं उत्तर.

पेंग्विनबुवा | सोमवार, रात्री ९:४४

लिनक्स टाका.

शेवयांची_खीर | सोमवार, रात्री ९:४६

चार मिनिटं! बुवा, या वेळी उशीर केलात.

जुना_खडू | सोमवार, रात्री १०:१५

डिफ्रॅग म्हटलं की मला बार्शीचा आमचा कॉम्प्युटर क्लास आठवतो. साल १९९९. दहा मशीन, प्रत्येकात ४.३ जीबीची डिस्क, विंडोज ९८. रविवारी क्लासला सुट्टी, म्हणून त्या दिवशी दहाही मशीनवर डिफ्रॅग लावायचो. दहा पडदे आणि त्यावर ते निळे-लाल चौकोन एकेक करून सरकतायत. शेजारची पोरं खिडकीतून बघायची. त्यांना वाटायचं नवीन गेम आलाय.

एक गोष्ट मात्र डोकं फिरवायची. मध्येच स्क्रीनसेव्हर चालू झाला किंवा एखाद्या प्रोग्रॅमने डिस्कवर काही लिहिलं, की ‘ड्राइव्हमधला मजकूर बदलला, पुन्हा सुरुवात करत आहे’ असा संदेश यायचा आणि गाडी परत शून्यावर. दुपारी जेवायला जाताना ७० टक्के, जेवून आलो तर ४! शेवटी कळलं की सेफ मोडमध्ये जाऊन, स्क्रीनसेव्हर बंद करून मगच लावायचं.

तुमचं ११ टक्क्यांवर अडकतंय त्याचं कारण असलंच काही असेल.

अवकाळी | सोमवार, रात्री १०:३२

माझा अनुभव सांगतो. डिफ्रॅगने फरक पडतो, अगदी ठळक पडतो. २००७-०८ ला एक्सपीवर दर महिन्याला करायचो. केलं की मशीन भिंगरी. ज्यांना हे थोतांड वाटतं त्यांनी एकदा करून बघावं.

बिनतारी | सोमवार, रात्री १०:४०

@अवकाळी, भिंगरी डिफ्रॅगने व्हायचं की त्याआधी तुम्ही टेम्प फायली आणि नको ते प्रोग्रॅम काढायचात त्याने? आमच्याकडे दसऱ्याला गाडी धुतली की वडील म्हणायचे, ‘बघ, ॲव्हरेज वाढलं.’

अवकाळी | सोमवार, रात्री १०:४३

दोन्ही करायचो. 😄 पण मुद्दा सोडणार नाही.

चार_नंबरचा_स्क्रू | सोमवार, रात्री ११:२०

थोडं सविस्तर लिहितो, कारण दोघेही अर्धे बरोबर आहेत.

डिस्कवर फाइल एकसंध ठेवायला जागा नसेल तर विंडोज तिचे तुकडे करून मिळेल त्या भोकात बसवते. कराड-चिपळूण एसटीत बारा जणांचं बिऱ्हाड चढलं आणि गाडी आधीच भरलेली असली तर काय होतं? दोघं पुढे, आजी ड्रायव्हरच्या मागे, पोरं मागच्या बाकावर. तिकीट एकच, पण माणसं मोजायला कंडक्टरने पूर्ण गाडीभर फिरायचं. हार्ड डिस्कचं हेड, म्हणजे फिरत्या तबकडीवरून वाचणारा हात, हा तो कंडक्टर.

आता आकडे. ७२०० आरपीएमच्या (मिनिटाला ७२०० फेऱ्या) डिस्कवर हेड योग्य ट्रॅकवर न्यायला साधारण ९ मिलिसेकंद, आणि हवा तो सेक्टर (डिस्कवरचा छोटा कप्पा) फिरून हेडखाली यायला सरासरी अर्धी फेरी, म्हणजे ४.१७ मिलिसेकंद. एका उडीचे १३ धरा. १८० एमबीची कोरल फाइल एकसंध असली तर दोन सेकंदांच्या आत वाचून होते. तिचे ३००० तुकडे असले तर नुसत्या उड्या मारण्यातच ३९ सेकंद गेले. तेव्हा @बिनतारी, हे मनाचं समाधान नाही.

पण तुकडा मोठा असला तर चिंता नको. ६४ एमबीचा एक तुकडा वाचायलाच अर्ध्या सेकंदाच्या वर लागतं, त्यापुढे १३ मिलिसेकंदांची उडी किस झाड की पत्ती. म्हणून व्हिस्टापासून विंडोजचं डिफ्रॅग ६४ एमबीपेक्षा मोठे तुकडे जोडायच्या भानगडीतच पडत नाही. बाहेरची सॉफ्टवेअरं तेही जोडतात आणि ‘आम्ही जास्त केलं’ म्हणून मिरवतात. प्रो-बिरो काही घेऊ नका.

पोऱ्या, आधी दोन गोष्टी सांगा. सी ड्राइव्हमध्ये मोकळी जागा किती? आणि डिस्कमधून काही आवाज येतो का?

शेवयांची_खीर | सोमवार, रात्री ११:३१

एसटीचं उदाहरण फारच आवडलं. पण आमच्या गाडीत कंडक्टर फिरत नाही, ‘ओ पुढचे, पैसे पाठवा’ म्हणतो. ती एसएसडी (हेड नसलेली नवी डिस्क) समजायची का?

चार_नंबरचा_स्क्रू | सोमवार, रात्री ११:३३

हो! 😂 अगदी तेच.

सोलापुरी_चादर | मंगळवार, सकाळी ७:५०

एक इशारा. डिफ्रॅग चालू असताना वीज गेली तर खेळ खल्लास. भारनियमनाच्या दिवसांत माझ्या कॅफेत हे झालेलं आहे. विंडोज ९८ होतं, यूपीएसची बॅटरी मेलेली. दिवे आल्यावर स्कॅनडिस्क लागलं आणि त्याने फायली सोडून नुसते ‘फाइल०००१ डॉट सीएचके’ असे शेकडो तुकडे हातात ठेवले. त्यात गिऱ्हाइकाचा बायोडेटा होता. त्याला दुसरा टाइप करून दिला, फुकट.

चार_नंबरचा_स्क्रू | मंगळवार, सकाळी ८:१०

@सोलापुरी_चादर, ते फॅटचे दिवस, डिस्कवर फायलींची नोंद ठेवायची जुनी पद्धत. आताच्या एनटीएफएसवर डिफ्रॅग सॉफ्टवेअर स्वतः डिस्कवर लिहीतच नाही. ते विंडोजला विनंती करतं, ‘हा तुकडा तिकडे हलव.’ ही सोय विंडोज एनटी ४ पासून आहे. विंडोज आधी नव्या जागी नक्कल करते, मग नोंद बदलते. मध्येच वीज गेली तर बहुतेक वेळा जुनी नोंद शाबूत राहते. तरी यूपीएस हवाच, त्यात वाद नाही.

टोरांटोकर | मंगळवार, सकाळी ८:२५

मॅकवाल्यांना हे कधी कळलंच नाही. जुन्या मॅकमध्ये २० एमबीपेक्षा लहान फाइल तुकड्यांत असली तर ती उघडतानाच सिस्टीम गुपचूप जोडून टाकायची. आता तर सगळं एसएसडीवर. वीस वर्षांत मी डिफ्रॅग हा शब्द दुसऱ्यांदा वाचतोय.

बिनतारी | मंगळवार, सकाळी ८:२८

काका, मामांच्या बजेटमध्ये मॅक बसवा, मग बोलू.

कृष्णाकाठचा_पोऱ्या | मंगळवार, दुपारी १:१५

दुकानात येऊन बसलोय, फोनवरून लिहितोय.

सी ड्राइव्ह १०० जीबी, त्यात ६ जीबी मोकळे. डी ३६५ जीबीचा, अर्धा भरलेला. विंडोजच्या डिफ्रॅगमध्ये नुसतं ‘ॲनलाइज’ केलं तर सी ३१ टक्के तुकड्यांत, डी ९ टक्के. त्यात दर बुधवारी रात्री १ ला आपोआप होईल असं आधीपासूनच लिहिलेलं आहे, पण मामा रात्री मेन स्विच पाडून घरी जातो.

आवाज येतो. मधून मधून ‘टक्… टक्…’ आणि मग मशीन दहा-पंधरा सेकंद गप्प. मामा म्हणतो हा आवाज दिवाळीपासूनचा, ‘पंखा असेल’.

चार_नंबरचा_स्क्रू | मंगळवार, दुपारी १:१९

डिफ्रॅग बंद करा. आत्ता. पुन्हा चालवू नका.

तिन्ही रात्री ११ टक्क्यांवरच थांबणं आणि हा आवाज, दोन्ही मिळून एकच सांगतायत. डिस्कवर एखादा भाग वाचताच येत नाहीये. तिथे पोचली की डिस्क पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न करते, म्हणून मशीन गप्प होतं. डिफ्रॅग म्हणजे रात्रभर अख्खी डिस्क वाचणं आणि लिहिणं. आजारी माणसाला सज्जनगडाच्या पायऱ्या चढवण्यातला प्रकार.

क्रिस्टलडिस्कइन्फो (डिस्कची तब्येत सांगणारं सॉफ्टवेअर) पेन ड्राइव्हवर आणून चालवा आणि दोन ओळी सांगा: रिअलोकेटेड सेक्टर्स (खराब म्हणून बदललेले) आणि करंट पेंडिंग सेक्टर (वाचता न आलेले, निकाल बाकी असलेले).

मावळतीचं_ऊन | मंगळवार, दुपारी १:४०

वाचतेय. माझ्या लॅपटॉपवर एसएसडी आहे आणि मी गेली दोन वर्षं एका ‘ट्यूनअप’ सॉफ्टवेअरने दर आठवड्याला डिफ्रॅग करतेय. 😳 बिघडली असेल का?

बिनतारी | मंगळवार, दुपारी १:५२

नाही हो ताई, पण आता पुरे. एसएसडीत हेडच नाही. कुठलाही तुकडा साधारण ०.१ मिलिसेकंदात हातात येतो, मग जोडून मिळवायचं काय? उलट लिहिण्याची मर्यादा ठरलेली असते, त्यातली थोडी फुकट गेली. विंडोज १० मध्ये ‘ऑप्टिमाइझ’ हे बटण एसएसडीसाठी डिफ्रॅग करत नाही. कुठली जागा मोकळी झाली ते ड्राइव्हला कळवतं, त्याला ट्रिम म्हणतात. तेवढं आपोआप होऊ द्या. एसएसडीला डिफ्रॅग कधी म्हणजे कधीच नाही.

जुना_खडू | मंगळवार, दुपारी २:०५

‘कधीच’ म्हणू नका. सिस्टीम रिस्टोअर चालू असेल तर विंडोज स्वतःच अधूनमधून एसएसडीवरही थोडं डिफ्रॅग करते. एका फाइलचे तुकडे किती असावेत याला एनटीएफएसमध्ये मर्यादा आहे, तिच्या जवळ जाऊ नये म्हणून. पण ते तिचं ती बघते. आपण मध्ये हात घालायचा नाही.

बिनतारी | मंगळवार, दुपारी २:११

बरं, ‘आपण कधीच नाही’. दुरुस्ती मान्य.

कृष्णाकाठचा_पोऱ्या | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

चालवलं. वर पिवळ्या चौकोनात ‘कॉशन’ लिहून आलंय. रिअलोकेटेडसमोर सगळी शून्यं. पेंडिंगसमोर शून्यं-शून्यं आणि शेवटी १८. म्हणजे १८ सेक्टर खराब? पाच-पंचवीस नाहीत म्हणजे फार नसावेत?

चार_नंबरचा_स्क्रू | मंगळवार, संध्याकाळी ६:४२

तिथला आकडा हेक्समध्ये, म्हणजे दहाऐवजी सोळाच्या हिशेबात असतो, इथे भले भले फसतात. हेक्समधले १८ म्हणजे आपले २४. मेनूत जाऊन तो दशमानात दाखवता येतो.

२४ सेक्टर म्हणजे ५१२ बाइटच्या हिशेबाने जेमतेम १२ केबी. पण जागा किती यापेक्षा तिथे कोण बसलंय ते महत्त्वाचं. आणि हा आकडा आज २४ आहे, पुढच्या आठवड्यात २४०० झाला तर आश्चर्य वाटणार नाही.

मामांच्या कामाच्या फायलींचा बॅकअप आहे का?

कृष्णाकाठचा_पोऱ्या | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

आहे. डी ड्राइव्हमध्ये ‘बॅकअप’ नावाचं फोल्डर.

सोलापुरी_चादर | मंगळवार, संध्याकाळी ६:५१

अरे देवा.

शेवयांची_खीर | मंगळवार, संध्याकाळी ६:५३

म्हणजे घराची दुसरी किल्ली घरातच, कपाटात. माझ्या सासऱ्यांचीही हीच पद्धत.

पेंग्विनबुवा | मंगळवार, संध्याकाळी ७:२०

आता माझं ऐकाल? लिनक्स टाका. हसू नका, डिस्कवर नाही, पेन ड्राइव्हवर.

विंडोजऐवजी पेन ड्राइव्हवरून लिनक्स सुरू करायचं आणि जीएनयू डीडीरेस्क्यू वापरून अख्खी डिस्क नव्या एसएसडीवर उतरवायची. साधं कॉपी-पेस्ट खराब सेक्टरवर अडकून बसतं. डीडीरेस्क्यू आधी जे सहज वाचता येतं ते सगळं काढून घेतं, खराब भाग सोडून पुढे जातं आणि शेवटी त्या भागावर पुन्हा प्रयत्न करतं. सोबत एक मॅपफाइल ठेवायला सांगा, मग वीज गेली तरी जिथे थांबलं तिथून पुढे सुरू होतं.

दोन सूचना. एक, एसएसडी ५०० जीबीचीच घ्या. दुकानदार ४८० ची देईल आणि ‘एकच आहे’ म्हणेल. जुनी डिस्क ५०० ची आहे, जशीच्या तशी त्यात मावणार नाही. दोन, आधी जुनी डिस्क लिहायची, मग नवी. उलटं लिहिलंत तर कोरी डिस्क मामांच्या पंधरा वर्षांवर चढेल. कोणती कुठली ते मॉडेल नंबर बघून कागदावर लिहून घ्या. मी हे करताना दुसऱ्या माणसाला मोठ्याने वाचायला लावतो.

अवकाळी | मंगळवार, संध्याकाळी ७:३५

बुवांना पहिल्यांदाच अनुमोदन. तारीख लिहून ठेवा.

कृष्णाकाठचा_पोऱ्या | शनिवार, रात्री ८:१०

उशिरा लिहितोय, लगीनसराई आहे, मामा मशीन सोडतच नव्हता. शेवटी त्याला पेंडिंगचा आकडा दाखवला. मंगळवारी २४ होता, गुरुवारी ५६. तेव्हा म्हणाला, ‘कर काय करायचं ते, पण शेवाळेवाडीची पत्रिका उडाली तर तू माझा भाचा नाहीस.’

दुकानदाराने खरंच ४८० ची एसएसडी काढली होती आणि ‘वीसचा काय फरक पडतोय’ म्हणाला. बुवा, दंडवत.

शुक्रवारी रात्री दुकान बंद करून बसलो. मामीला बॅटरी धरून मॉडेल नंबर वाचायला लावले, मी कागदावर लिहिले, मग कमांड दिली. साडेतीन तास लागले. त्यातला शेवटचा तास फक्त त्या खराब भागावर. टक्, गप्प. टक्, गप्प. शेवटी सगळं वाचून झालं, राहिले ३५८४ बाइट. म्हणजे सात सेक्टर. ५०० जीबीतले सात.

ते कुठल्या फाइलचे ते शोधायची युक्ती बुवांनी निरोपातून सांगितली: त्या रिकाम्या जागी एक खुणेचा शब्द भरायचा आणि मग तो सगळ्या फायलींत शोधायचा. सापडला. कोरलने आपोआप ठेवलेल्या २०१३ च्या एका बॅकअप फाइलमध्ये. मूळ फाइल शेजारीच धडधाकट!

जुनी डिस्क काढून एसएसडी लावली. डोंगल खोचला, श्रीलिपी उघडली, कोरल उघडलं. मशीन २५ सेकंदांत सुरू. शेवाळेवाडीची पत्रिका ६ सेकंदांत. आज लगेच एक बाहेरची डिस्कही घेतली, ‘बॅकअप’ आता तिच्यात आणि ती घरी.

शेवयांची_खीर | शनिवार, रात्री ८:१८

मामींचं नाव या धाग्यात सोन्याच्या अक्षरांत लिहा. आणि सात सेक्टर सत्यनारायणाला वाहा.

अवकाळी | शनिवार, रात्री ८:३०

अभिनंदन! पण पहिला प्रश्न लटकतच राहिला की. डिफ्रॅगने फरक पडला असता की नाही?

चार_नंबरचा_स्क्रू | शनिवार, रात्री ९:०५

पोऱ्या, एक काम करा. नव्या एसएसडीवर नुसतं ॲनलाइज करून आकडा सांगा. डिफ्रॅग दाबू नका, फक्त ॲनलाइज. आणि बुधवारचं ते वेळापत्रक अजून चालू असेल तर बंद करा. क्लोन केलेल्या विंडोज ७ वर ते एकदा डोळ्यांनी बघितलेलं बरं.

कृष्णाकाठचा_पोऱ्या | शनिवार, रात्री ९:२०

वेळापत्रक चालूच होतं, बंद केलं.

सी ड्राइव्ह: ३१ टक्के. जेवढा होता तेवढाच!

चार_नंबरचा_स्क्रू | शनिवार, रात्री ९:३१

तेच दाखवायचं होतं. डीडीरेस्क्यू फायली बघत नाही, पहिल्या सेक्टरपासून शेवटपर्यंत जसंच्या तसं उतरवतं. म्हणजे तुमच्या पत्रिकेचे तुकडे आजही तेवढेच आणि त्याच क्रमांकाच्या जागांवर आहेत. बिऱ्हाड गाडीभर विखुरलेलंच आहे, कंडक्टर तेवढा बदलला.

@अवकाळी, डिस्क धडधाकट असती आणि सीमध्ये १५ टक्क्यांच्या वर जागा मोकळी केली असती तर विंडोजच्या फुकट डिफ्रॅगने थोडा फरक नक्की पडला असता. दोन मिनिटांची पाऊण मिनिटावर आली असती म्हणा. पण इथे मंदावण्याचं मुख्य कारण तुकडे नव्हतेच, ते ‘टक्… टक्’ होतं.

अवकाळी | शनिवार, रात्री ९:३५

पाऊण मिनिटावर म्हणालात. म्हणजे मी जिंकलो.

बिनतारी | शनिवार, रात्री ९:३६

घ्या, द्या यांना ढाल आणि श्रीफळ.

मावळतीचं_ऊन | शनिवार, रात्री ९:५०

मी तो ट्यूनअप प्रकार काढून टाकला. काढताना त्याने तीनदा विचारलं, ‘नक्की जायचं?’ माहेरची माणसंही इतकं विचारत नाहीत. आणि वडिलांच्या पीसीवर क्रिस्टलडिस्कइन्फो चालवलं, निळं ‘गुड’ आलं. वाचनखूण साठवली.

कृष्णाकाठचा_पोऱ्या | रविवार, सकाळी ११:००

सगळ्यांचे आभार. एकच तक्रार आहे, मामाची. मशीन आता इतक्यात सुरू होतं की चहाला जायला निमित्त उरलं नाही. टपरीवाल्याने काल विचारलं, ‘आजारी आहात का?’

आणि दुसरं म्हणजे, ते रंगीत चौकोन कुठे गेले असं विचारतोय. त्या फुकटातल्या सॉफ्टवेअरमध्ये दिसायचे, आम्ही ते काढून टाकलं. रात्री दुकान बंद करायच्या आधी पाच मिनिटं तो ते बघत बसायचा म्हणे.

जुना_खडू | रविवार, सकाळी ११:२५

मामांना सांगा, माझ्याकडे माळ्यावर त्या क्लासमधलं एक विंडोज ९८ चं मशीन अजून चालू अवस्थेत आहे. स्क्रीनसेव्हर बंद आहे. बार्शीला कधीही यावं, मी लावून देतो.

कृष्णाकाठचा_पोऱ्या | रविवार, सकाळी ११:४०

विचारलं. म्हणाला, ‘गुरुवारी दुकान बंद असतं, गुरुवारी चालेल का विचार.’